घरातील फोटोंची दुसरी प्रत कशी काढावी आणि कशी सांभाळावी

बाळाच्या पहिल्या पावलापासून आजोबांच्या शेवटच्या वाढदिवसापर्यंतचे फोटो आज बहुतेक घरांत एकाच फोनमध्ये असतात आणि तो फोन दिवसभर कधी खिशात, कधी ओट्यावर, तर कधी मुलांच्या हातात असतो. आताच्या फोनमधील साठवण कूटबद्ध केलेली, म्हणजे त्या फोनच्या किल्लीशिवाय वाचता न येणारी असते. त्यामुळे मुख्य सर्किट बोर्ड निकामी झाला, तर मेमरीची चिप शाबूत असूनही आतील फोटो बाहेर काढणे अनेकदा अशक्य ठरते. म्हणून दुसरी प्रत फोन धडधाकट असतानाच काढावी लागते.

‘आमचे फोटो तर आपोआप क्लाउडवर जातात’ असे बरेच जण निश्चिंतपणे सांगतात. ही सोय अवश्य चालू ठेवावी, पण तिचे काम कसे चालते हे आधी समजून घ्यावे. ही सोय ‘सिंक’ करते; सिंक म्हणजे फोन आणि क्लाउड ही दोन्ही ठिकाणे एकसारखी ठेवणे. फोनमधील जागा रिकामी करण्यासाठी कोणी गॅलरीतून दोनशे फोटो काढून टाकले, तर ते क्लाउडवरूनही जाऊ शकतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो हटवल्यानंतर ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो. ॲपलच्या आयक्लाउडमध्ये ही मुदत साधारण ३० दिवसांची आहे. चूक तीन महिन्यांनी लक्षात आली, तर दोन्हीकडे उपाय उरत नाही. फोनवर हटवलेली गोष्ट जिथे तशीच शिल्लक राहते, तीच प्रत खऱ्या अर्थाने दुसरी म्हणता येईल.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचलित केलेला ‘३-२-१’ हा नियम घरालाही लागू पडतो: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर. मूळ फोटो फोनमध्ये, एक प्रत क्लाउडवर आणि एक बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर, एवढी मांडणी बहुतेक कुटुंबांना पुरते. पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड फोटो एकीकडून दुसरीकडे नेण्यासाठी ठीक आहे. परंतु त्यातील माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते आणि वर्षानुवर्षे न जोडता ठेवल्यास तो भार ओसरू शकतो. त्यामुळे कपाटात दीर्घकाळ ठेवण्यासाठी त्यावर विसंबू नये.

डिस्कवर प्रत काढण्यापूर्वी फोटो गोळा करावे लागतात आणि माझ्या मते खरी मेहनत इथेच आहे. लग्नाचे फोटो मावशीच्या फोनमध्ये, सहलीचे भावाच्या कॅमेऱ्यात आणि आपल्याकडे केवळ व्हॉट्सॲपवर आलेले, असे सर्रास आढळते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान केला जातो आणि तो कधी व कुठे काढला ही त्यासोबतची नोंदही निघून जाते. तेव्हा नातेवाइकांना मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवण्याची विनंती करावी. आयफोनमध्ये जागा वाचवण्यासाठी मूळ फोटो आयक्लाउडवर ठेवून फोनमध्ये लहान आवृत्ती ठेवण्याचा पर्याय असतो. तो चालू असताना केबलने संगणकावर प्रत काढली, तर काही मूळ फोटो येतच नाहीत. अशा वेळी संगणकावरून आयक्लाउडच्या खात्यात शिरून मूळ फोटो तिथून उतरवून घ्यावेत.

नव्या डिस्कवर काही ठेवण्याआधी ती एक्सफॅट (डिस्कवर फाइली मांडण्याची एक पद्धत) पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे का, हे पाहावे आणि नसेल तर तशी करून घ्यावी. फॉरमॅट केल्याने डिस्कवरील सारे पुसले जाते, म्हणून ही तपासणी आधीच उरकावी. एक्सफॅट डिस्क विंडोज आणि मॅक या दोन्हींवर चालते. फॅट३२ पद्धतीत मात्र ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही आणि समारंभाचा लांबलचक व्हिडिओ नेमका तिथे अडतो. फोल्डरचे नाव वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यावे, उदाहरणार्थ ‘२०२४-०५-१२ आजीचा वाढदिवस’, म्हणजे नावानुसार लावले तरी सारे कालक्रमाने दिसते. फाइल हलवताना नेहमी ‘कॉपी’ वापरावे, ‘कट’ नव्हे. कारण मध्येच केबल निघाली, तर कोणती फाइल कुठे राहिली याचा मेळ लावणे कठीण जाते. काम संपल्यावर दोन्हीकडील फाइलींची संख्या आणि आकारमान ताडून पाहावे आणि जुन्या, मधल्या व नव्या फोल्डरांतील काही फोटो व व्हिडिओ प्रत्यक्ष उघडावेत. ही दहा मिनिटे वाचवू नयेत, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण अर्धवट उतरलेला फोटो नावावरून ओळखता येत नाही.

त्यानंतर संगणकावरील ‘इजेक्ट’ हा पर्याय निवडून डिस्क सुरक्षितपणे काढावी आणि संगणकापासून वेगळी ठेवावी. कायम जोडलेली डिस्क विजेच्या झटक्याने संगणकासोबतच खराब होऊ शकते आणि फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस शिरला, तर त्यावरील प्रतही त्याच्या तावडीत सापडते. महिन्यातून एक दिवस ठरवून नवे फोटो तिच्यावर चढवावेत. डिस्क वाचताना अडखळू लागली किंवा खडखडू लागली, तर वापर थांबवून उरलेल्या प्रतीवरून लगेच नवी प्रत काढावी.

शेवटचा भाग माणसांचा आहे. गूगलचे वैयक्तिक खाते दोन वर्षे वापरले नाही, तर ते आतील फोटोंसह काढून टाकले जाऊ शकते. म्हणून फक्त फोटोंसाठी उघडलेल्या खात्यात अधूनमधून शिरावे. आपल्यामागे घरच्यांना फोटो मिळावेत यासाठी गूगलमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आणि ॲपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ अशी सोय आहे. तिथे विश्वासातील व्यक्तीचे नाव आजच नोंदवावे. डिस्क कुठे आहे, ती कशी जोडायची आणि कोणत्या खात्यात काय आहे, हे एका कागदावर लिहून तो डिस्कसोबत ठेवावा, पासवर्ड मात्र त्यावर लिहू नये. मग घरातील दुसऱ्या एका मोठ्या माणसाच्या हाती तो कागद आणि डिस्क द्यावी, आपण मध्ये काहीही न सांगता एखादा जुना फोटो शोधून उघडायला सांगावा आणि जिथे अडेल ती पायरी कागदावर वाढवावी.