मलेरियाची स्लाइड बघताना रिंगच्या आधी आरबीसी (लाल रक्तपेशी) बघा

डीएमएलटीची (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) नवी पोरं पावसाळ्यात लॅबला लागली की फक्त रिंग (पॅरासाइटचं अंगठीसारखं कोवळं रूप) शोधत बसतात, मग आरबीसीवर चढलेली प्लेटलेट पण पॅरासाइट वाटायला लागते. मुंबईत वायवॅक्स आणि फॅल्सिपॅरम, पॅरासाइटच्या या दोन्ही जाती येतात, त्यामुळे "पॉझिटिव्ह" एवढंच लिहून भागत नाही.

थिक स्मिअर (काचेवरचा रक्ताचा जाड थर) पॅरासाइट आहे का ते शोधायला, पण त्यात आरबीसी फुटून जातात, म्हणून जात ओळखायला थिनच (पातळ पसरलेला) लागतो. ईडीटीएचं ब्लड (गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेलं) तासन् तास ठेवू नका, आकार बिघडतात. आपल्याकडच्या दमट हवेत स्मिअर सावकाश वाळला की आरबीसीत भोकं पडल्यासारखी दिसतात, तेव्हा सरळ पंख्याखाली धरा. स्टेनच्या बफरचा पीएच ७.२ ठेवा, अ‍ॅसिडिक झाला तर शुफनर डॉट्स (वायवॅक्सच्या पेशीतले गुलाबी ठिपके) दिसतच नाहीत आणि तुम्ही उगाच गोंधळता.

आता ऑइल इमर्शन (तेल टाकून वापरायची लेन्स) लावा आणि थिन स्मिअरच्या शेपटीजवळ जिथे पेशी सुट्या सुट्या आहेत तिथे या. इन्फेक्टेड पेशी शेजारच्या साध्या पेशीशी ताडून बघा. मोठी, फिकट, आत बारीक गुलाबी ठिपके असतील तर वायवॅक्सचा संशय धरा. तो कोवळ्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट्स पकडतो, त्या मुळातच जरा मोठ्या असतात आणि तो त्यांना आणखी फुगवतो.

फॅल्सिपॅरममध्ये पेशी जशीच्या तशी वाटते, एकाच पेशीत दोन-तीन नाजूक रिंगा, एखादी अगदी कडेला चिकटलेली. खरी गंमत इथे आहे, कारण वरून साधी दिसणारी ही पेशीच प्रत्यक्षात जास्त बदलते. पॅरासाइट आपली प्रोटीन्स बनवून पेशीच्या पृष्ठभागावर पाठवतो, तिथे बारीक गाठी येतात (आपल्या मायक्रोस्कोपला नाही दिसत, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो), गाठींवरच्या पीएफईएमपी१ या प्रोटीनमुळे पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते आणि प्लीहेत गाळली जायची वाचते. पॅरासाइटच्या ४८ तासांच्या सायकलचा उत्तरार्ध ती अशी चिकटून काढते, म्हणून बोटाच्या रक्तात बहुतेक रिंगा आणि कधी केळ्याच्या आकाराचे गॅमेटोसाइट्स (डासात जाणारं रूप) एवढंच सापडतं.

म्हणून रिंगा कमी दिसल्या तरी पेशंट सिरियस असू शकतो. फॅल्सिपॅरमचे शायझॉन्ट (एरवी भिंतीला चिकटून राहणारं पक्व रूप) स्लाइडवर दिसले तर रिपोर्ट टाइप करत बसू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. थिकची किमान १०० फील्ड्स (लेन्समधून एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक फील्ड) बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहू नका, आणि ताप चालूच असेल तर दुसऱ्या दिवशी परत सॅम्पल मागवा.