बायपासनंतर पायाची जखमही रोज बघा

आईची बायपास एप्रिलात झाली. सोलापूरचा एप्रिल म्हणजे पारा 40च्या वर आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी.

जखमा दोन असतात. एक छातीच्या मधोमध, दुसरी पायावर, कारण हृदयाला जोडायची नस बहुतेक वेळा तिथून काढतात. येणारा-जाणारा छातीचीच चौकशी करतो. आईची बिघडली ती पायाची. बाराव्या दिवशी परकराला पिवळट डाग दिसला, हात लावला तर तेवढीच जागा गरम. त्याच दुपारी दाखवलं, म्हणून गोळ्यांवर भागलं.

तेव्हापासून रोज सकाळी खिडकीपाशी, त्याच उजेडात, दोन्ही जखमांचे मोबाइलवर फोटो काढायला लागले. कालच्या फोटोशेजारी ठेवलं की लाली पसरतेय का ते कळतं. थोडी खाज, बधिरपणा असतोच. पण कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, पू किंवा वास आला, टाका उसवला, ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणि खोकताना, कुशीवर वळताना छातीचं हाड कट्‌कन वाजलं किंवा हललं, तर रात्र असली तरी निघा. हाडाखाली उतरलेला संसर्ग जिवावर बेततो.

जखमेला हात लावण्याआधी साबणानं हात धुवायचे, प्रत्येकाने. डॉक्टरांनी अंघोळीला परवानगी दिल्यावर साधा साबण, वरून पाणी, घासायचं नाही, टॉवेलनं फक्त टिपायचं. टॉवेल आपल्या गावातच विणतात. आईसाठी चार नवे आणून धुतले, रोज एक धुतलेला. हळद, तेल, पावडर काही नको. शेजारच्या मावशींनी मायेनं हळद आणली, ती मी दुधासाठी ठेवली. बायकांच्या छातीखाली घाम साचतो आणि वजनानं टाके ओढले जातात, म्हणून पुढून हूक असलेली, आधार देणारी सुती ब्रेसियर डॉक्टरांना विचारून घ्या.

साखर वाढली की जखम भरत नाही, जंतूंना फावतं. आईला मधुमेह, म्हणून फोटोबरोबर साखरेचा आकडाही वहीत लिहायचे.

छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं, जुळायला दोन-तीन महिने लागतात. आम्हाला 5 किलोच्या वर उचलायचं नाही असं सांगितलं होतं. पण पाणी आलं की आईचा हात हंड्याकडे जायचाच. मग पाण्याच्या दिवशी मी तिला आधीच मावशींकडे बसवून यायचे.