सभासद सहभागावर अभ्यास करताय? आधी ऊसबिल वाचायला शिका

'कृषी सहकारी संस्थांमधील सभासदांचा सहभाग आणि संस्थेची कामगिरी' हा विषय प्रबंधासाठी दरवर्षी कुणी ना कुणी घेतंच. वरवर सोपा वाटतो. सोसायटी गावातच असते, तिचा हिशेब सांभाळणारे गटसचिव ओळखीचे असतात, सभासद म्हणजे आपलेच चुलते-मामे. सांगली जिल्ह्यातल्या विकास सोसायट्या, म्हणजे पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्था, घेऊन मीही याच भरवशावर उतरले आणि मधेच अशी अडकले की विषय बदलावा की काय, इथपर्यंत आले होते. ज्या जागी अडकले तिथे आजही नवीन मुलंमुली अडकताना दिसतात, म्हणून हे लिहितेय.

1904 चा सहकार कायदा, इंग्लंडमधली रॉशडेलची सहकारी संस्था, सहकाराची सात तत्त्वं, गावची सोसायटी-जिल्हा बँक-राज्य बँक ही त्रिस्तरीय पतरचना हे तुम्हाला येतं असं धरून चालते. प्रबंधात त्यावर चाळीस पानं घालू नका. परीक्षक ती उलटून पुढे जातात आणि तुमचा दम तिथेच संपतो.

आता मुख्य गोष्ट. सहभाग मोजायला आपण प्रश्नावली काढतो, कामगिरी मोजायला वसुलीची टक्केवारी आणि लेखापरीक्षणात संस्थेला मिळालेला वर्ग घेतो. मग दोन्हींचा संबंध तपासतो. सगळे असंच करतात, मार्गदर्शकही हेच सांगतात. मी कृष्णाकाठच्या वाळवा-पलूस भागातल्या आणि पूर्वेकडच्या दुष्काळी जत-आटपाडीतल्या सोसायट्या शेजारी ठेवल्या. कृष्णाकाठच्या सोसायट्यांत वसुली भक्कम, सभेला हजेरी चांगली. पूर्व भागात दोन्ही कमी. आकडे इतके सुरेख जुळले की निष्कर्ष जवळजवळ लिहूनच झाला होता: सहभाग जास्त, म्हणून वसुली जास्त.

हा निष्कर्ष चुकीचा होता. तो का चुकीचा, हे सावकाश सांगते, कारण सगळी मेख इथेच आहे.

ऊसपट्ट्यात पीककर्जाची वसुली सभासद सोसायटीत येऊन करत नाही. ती कारखान्यातून होते. सोसायटीची येणेबाकी बँकेमार्फत कारखान्याकडे कळवली जाते, ऊसबिल निघतं तेव्हा कर्जाची रक्कम कापून बँकेत जमा होते आणि उरलेले पैसे शेतकऱ्याच्या खात्यावर येतात. घरातलं एखादं ऊसबिल मागून घ्या आणि ओळीने वाचा. समजा 60 टन ऊस गेला आणि दर टनाला 3,000 धरला, तर झाले 1,80,000. त्याखाली कपाती: सोसायटी कर्ज व्याजासह 1,10,000, पाणीपुरवठा संस्थेची पाणीपट्टी 12,000. हातात 58,000. या कागदावर सभासदाने ठरवलेलं असं काय आहे? कर्ज वेळेत फिटलं, सोसायटीची वसुली झाली, पण त्याने कुठलाही निर्णय घेतला नाही. तो सोसायटीवर नाराज असता तरी पैसे कापलेच गेले असते. सभेला एकदाही गेला नसता तरी कापले गेले असते.

जतच्या सभासदाच्या पिकाला अशी कपातीची सोय नाही. ज्वारी, बाजरी, डाळिंब, द्राक्ष विकून आलेले पैसे त्याच्या हातात येतात आणि तिथून सोसायटीपर्यंत त्याला स्वतः चालत जावं लागतं. म्हणजे जत भागातला 60 टक्के भरणा हा वाळव्याच्या 95 टक्क्यांपेक्षा सहभागाबद्दल जास्त काही सांगत असू शकतो. दोन्ही आकडे एका तक्त्यात घालून त्यांचा सहसंबंध काढला की तुम्ही सहभाग मोजत नाही, तुम्ही ऊस मोजता. त्यात पुन्हा ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांचं पाणी जिथे पोचलं तिथे पूर्व भागातही ऊस उभा राहिलाय. त्यामुळे तालुका बघून गट पाडलेत तरी फसाल. गावनिहाय पीक बघा, पाणी कुठल्या वर्षी आलं ते बघा, आणि कपातीने होणारी वसुली वेगळ्या रकान्यात लिहा.

यातच दुसरा पदर आहे, नवं-जुनं. हा शब्द आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतो, प्रबंधात मात्र तो सापडत नाही. मुदत जवळ आली की सभासद पाहुण्याकडून, पतसंस्थेतून किंवा सावकाराकडून थोड्या दिवसांसाठी पैसे उचलतो, सोसायटीत भरतो, नवीन कर्ज मंजूर करून घेतो आणि ज्याचे त्याला परत करतो. मुदतीत भरलं तर 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्राची आणि पंजाबराव देशमुख योजनेची व्याजसवलत मिळून शून्य टक्के व्याज पडतं, थकलं तर सवलत जाते. मग नवं-जुनं करणाऱ्याला दोष कसा द्यायचा? त्याचं गणित त्याच्या बाजूने बरोबरच आहे. पण संस्थेच्या अहवालात ती शंभर टक्के वसुली दिसते आणि आपण तिच्यावर 'कार्यक्षम संस्था' असा शिक्का मारतो.

हे ओळखायचं कसं, ते मला एका निवृत्त गटसचिवांनी दाखवलं. खतावणी, म्हणजे सभासदनिहाय कर्जखात्यांची वही, उघडली, एका खात्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, किती भरलं ते बघू नका. भरलं कधी आणि उचललं कधी, तेवढंच बघा." भरणा आणि उचल यांत जेमतेम चार-पाच दिवसांचं अंतर, रक्कम जवळपास तीच, आणि वर्षागणिक थोडी थोडी वाढत गेलेली. पुढच्या खात्यावर तेच. त्याच्या पुढच्या खात्यावरही तेच. एका पानावर गावाची कहाणी दिसत होती. तेव्हा कर्ज खतावणीतल्या तारखा उतरवून घ्या. कंटाळवाणं काम आहे, डोळे दुखतात, पण याला पर्याय नाही. संगणकीकरणानंतर तारखा काढणं सोपं झालंय, तरी जुनी वर्षं हवी असतील तर कापडी बांधणीच्या वह्याच उघडाव्या लागतात.

शिवाय कर्जमाफीची वर्षं वेगळी काढा. 2008, 2017 आणि 2019 च्या योजनांनंतरचे वसुलीचे आकडे नेहमीच्या वर्षांशी जोडता येत नाहीत. 2019 आणि 2021 च्या महापुरात कृष्णा-वारणाकाठच्या सोसायट्यांचंही तसंच.

घाबरून जाऊ नका. हे सगळं कळल्यावर विषय मोडत नाही, उलट तिथून तो खरा सुरू होतो.

सभेची हजेरी हा सहभागाचा दुसरा लोकप्रिय आकडा. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात नोटिसांचा पाऊस पडतो. नोटिशीच्या तळाशी ठरलेलं वाक्य असतं: कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व तिला कोरमची अट राहणार नाही. त्या एका वाक्यामुळे कितीतरी सभा पार पडतात. तुम्ही जाऊन बसा. सचिव विषय क्रमांक एक वाचतात, वाक्य पुरं व्हायच्या आत मागून 'मंजूर' येतं. ताळेबंद, मंजूर. नफावाटणी, मंजूर. नोंदवहीवरच्या सह्या मात्र सभेतल्या डोक्यांपेक्षा जास्त निघतात, कारण वही नंतर घरोघरी फिरते. राज्याच्या सहकार कायद्यातल्या 2013 च्या दुरुस्तीने 'क्रियाशील सभासद' ही कल्पना आणली, पाच वर्षांत किमान एका सभेला हजेरी आणि किमान सेवांचा वापर अशा अटी आल्या, आणि सहीला मताचा भाव आला. पुढे त्या तरतुदीत बदलही झाले, म्हणून तुमच्या अभ्यासाच्या वर्षी कायद्यात काय होतं ते मूळ मजकुरातून वाचा. पण सहीला भाव आला की सही सहभागाचा पुरावा राहत नाही, एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

माझं मत विचाराल तर हजेरीऐवजी प्रश्न मोजा. सभेत किती जणांनी विचारलं, काय विचारलं, उत्तर मिळालं का, इतिवृत्तात ते आलं का. एकच माणूस उठून 'संशयित बुडीत कर्जाची तरतूद यंदा एवढी का वाढली' असं विचारत असेल, तर ती सभा दोनशे सह्यांच्या सभेपेक्षा जिवंत आहे.

निवडणुकीबद्दल थोडक्यात. मतदान भरघोस झालं म्हणून हुरळू नका आणि बिनविरोध झाली म्हणून लगेच 'उदासीनता' लिहू नका. सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेल उभी राहतात त्यामागे बऱ्याचदा जिल्हा बँकेचा ठराव असतो. बँकेच्या निवडणुकीत सोसायटीच्या वतीने मत कुणी द्यायचं हे त्या ठरावाने ठरतं, आणि त्यासाठी गावात भावकी फुटते. तो गावाच्या राजकारणातला सहभाग आहे, संस्थेच्या कारभारातला असेलच असं नाही.

मग मोजायचं काय? मला शेवटी उपयोगी पडलेलं सूत्र असं: सभासदाला जिथे दुसरा रस्ता मोकळा आहे आणि तरीही तो संस्थेकडे येतो, तिथे सहभाग शोधा. कर्ज तो घेणारच, कारण एवढं स्वस्त कर्ज दुसरीकडे सहज मिळत नाही. पण ठेव? चार पैसे शिल्लक राहिले तर तो सोसायटीत ठेवतो, पतसंस्थेत की सोनं घेतो? युरियाची टंचाई नसताना खत सोसायटीच्या दुकानातून नेतो की बाजारातून? दूध संस्थेत हे आणखी स्वच्छ दिसतं. खासगी संकलनवाला लिटरला दोन रुपये जास्त देतोय, दारात येऊन दूध नेतोय, तरी सकाळचं दूध संस्थेला घालणारा सभासद का घालतो? फॅटच्या मापावर विश्वास आहे म्हणून, दिवाळीच्या दर फरकासाठी, की पशुवैद्यकाची सोय मिळते म्हणून? कित्येक घरं सकाळचं संस्थेला आणि संध्याकाळचं खासगीला घालतात. हे विभागलेलं दूध कुठल्याही पाच गुणांच्या मापनश्रेणीपेक्षा जास्त बोलतं.

महिला सभासदांचं प्रकरण शेवटी उरकायला ठेवू नका. संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव असतात, त्यामुळे कागदावर सगळं ठीक दिसतं. पण सोसायटीचं कर्ज जमिनीवर, सातबारा बहुतेक पुरुषाच्या नावावर, मग सभासद किती बायका होणार? आणि ज्या झाल्या त्यांच्याशी बोलायला गेलात की ओसरीवर बसलेले दीर उत्तरं देतात. दूध काढते ती, वैरण आणते ती, संस्थेचं पासबुक मात्र नवऱ्याच्या नावाचं. डेअरीवर सकाळी रांगेत उभं राहून बोला, घरी प्रश्नावली घेऊन जाऊ नका. एक काकी घागर खाली ठेवून मला म्हणाल्या होत्या, "सभासद ते हायेत, पण फॅट कमी लागली तर भांडाय मीच जाते." माझ्या प्रश्नावलीत त्या बाईंसाठी एकही रकाना नव्हता. पुढच्या फेरीच्या आधी प्रश्नावली बदलली.

मार्गदर्शकांविषयी स्पष्ट बोलते. '120 नमुने घे, तयार प्रश्नावली आहे, सॉफ्टवेअरमध्ये टाक' असं सांगणारे मार्गदर्शक तुमचा वेळ वाचवत नाहीत, ते तुमचा विषय हिरावून घेतात. दुसऱ्या राज्यातल्या अभ्यासाची प्रश्नावली भाषांतरित करून वापरणं तर मुळीच करू नका. 'संस्थेच्या निर्णयप्रक्रियेत आपण सक्रिय आहात का' असं विचारलं की आमच्याकडचा माणूस 'हो हो' म्हणून चहा सांगतो. त्यापेक्षा 'मागच्या सभेत काय ठरलं?' विचारा, लगेच कळतं. आणि चेअरमननी काढून दिलेल्या सभासदांच्या यादीवर काम करू नका. 'आय' नमुन्यातली सभासद नोंदवही असते, 'जे' नमुन्यातली सभासदांची यादी असते, त्यातून तुम्हीच निवड करा. यादीतले मयत सभासद किती, गाव सोडून पुण्या-मुंबईला गेलेले किती, हेही तिथेच कळतं, आणि तो स्वतः एक निष्कर्ष असतो.

उलट ज्यांच्याकडे कुणी जात नाही ते लेखापरीक्षक सोन्यासारखी माणसं. लेखापरीक्षणाच्या वर्गापेक्षा दोष दुरुस्ती अहवाल, म्हणजे 'ओ' नमुना, वाचा. तोच दोष सलग तीन वर्षं परत येत असेल आणि सभेत त्यावर चकार शब्द निघाला नसेल, तर सहभागाबद्दल आणखी काय हवं?

कागद मिळवताना अडचण येईल. संस्थेकडे थेट माहिती अधिकाराचा अर्ज टाकून धमकावायला जाऊ नका. सहकारी संस्था सरसकट सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलंय. निबंधक कार्यालयाकडे असलेली माहिती तिथून मागता येते. पण त्याहून चांगला रस्ता म्हणजे तालुक्याच्या सहायक निबंधकांचं पत्र घ्यायचं, गटसचिवांची वेळ विचारायची आणि मार्च-जूनअखेरच्या गर्दीत त्यांच्या डोक्यावर बसायचं नाही. एका गटसचिवाकडे कधी कधी दोन-तीन सोसायट्या असतात, बँक, शासन आणि सभासद तिघांचं ऐकून घेणारा तोच असतो. त्याला तुमच्या प्रबंधाची घाई नसते.

आकडे शेवटी हवे तसे जुळले नाहीत तर रात्र रात्र जागू नका. मी खूप जागले. कपातीची वसुली बाजूला काढल्यावर सहभाग आणि कामगिरीचा संबंध माझ्याकडे कमकुवत आला, आणि तो तसाच्या तसा लिहिला. तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले आणि त्यांची उत्तरं माझ्याकडे होती, कारण खतावणीतल्या तारखा मी स्वतः उतरवल्या होत्या.

वेळापत्रक गावाच्या शेतीवर बांधा. कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीमागे धावणारा सभासद तुमच्याशी बोलणार नाही, आणि तासगावकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षांची छाटणी चालू असताना तर जाऊच नका. कृष्णाकाठी जुलैपासून खतावण्या उतरवायला घ्या, ऑगस्टात नोटिसा लागल्या की सभांच्या तारखा वहीत टिपा, आणि सभा झाल्यावर आठवडाभराने त्याच गावात परत जाऊन विचारा की सभेत काय झालं.