मोहफूल: ढग आले तरी पोतं भरू नका

चैत्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे ढग दाटले की अंगणातलं मोहफूल घाईघाईनं प्लास्टिकच्या पोत्यात कोंबलं जातं. बराच माल त्या पोत्यातच नासतो. वरून लाल दिसणारं फूल आतून ओलंच असतं. त्यात साखर भरपूर, आणि आंबवणारे जंतू फुलावर आधीच बसलेले. ओल कोंडली की पोतं आतून तापतं, आंबूस वास सुटतो, मग बुरशी धरते आणि फुलांचा लगदा होतो.

वेचणी:
- पाचोळा झाडून काढा, पेटवू नका. वणवा इथूनच सुटतो.
- झाडाखाली जुनी साडी किंवा जाळी बांधा.
- नीट उजाडल्यावरच जा, दोघं-तिघं मिळून. अस्वलालाही मोह आवडतो.
- काड्या, माती, फुलातले केसर (तंतू) काढून टाका.

वाळवताना बांबूचा तट्टा किंवा खाट वापरा. जमिनीवरच्या ताडपत्रीला खालून घाम सुटतो. थर इंचभराच्या आत ठेवा, दिवसातून ३-४ वेळा हलवा, चार-पाच कडक उन्हं द्या. ओलावा १०-१२ टक्क्यांवर यायला हवा, पण त्यासाठी मीटर विकत घेऊ नका. मूठभर फुलं काचेच्या कोरड्या बाटलीत घालून झाकण लावा आणि तासभर उन्हात ठेवा. आतून काचेवर दव धरलं तर माल कच्चा. फूल चावून दाताला चिकटलं तर अजून एक ऊन द्या, हा आमचा अंदाज.

पाऊस आलाच तर फुलं पडवीत पातळ पसरा, पंखा लावा. ताडपत्री बांधायची तर उंच बांधा, बाजू उघड्या ठेवा. ओल्या फुलांना पोतं नकोच! ओली फुलं वाळलेल्यात मिसळू नका, थोड्या ओल्यापायी सगळा ढीग जातो.

दुकानदार 'काळं पडू नये' म्हणून पावडर देईल, साठवणीला सल्फासच्या गोळ्या सुचवेल. दोन्ही घेऊ नका. गोळी किडीसाठी असते, तिनं ओल जात नाही. राहत्या घरात तिचा वायू माणसाचा जीव घेतो. कडुनिंबाचा पाला हवा तर घाला, पण तोही कडकडीत वाळलेला.

साठवण:
- पूर्ण वाळलेलं फूल थंड झाल्यावरच पोत्यात भरा.
- खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर.
- पावसाळ्यात दर पंधरवड्याला पोत्यात हात घालून पाहा. गरम लागलं तर त्याच दिवशी पसरा.

बुरशी धरलेला माल गुरांना घालू नका, खताच्या खड्ड्यात टाका.