पॉलिश चिकट का राहतं? कातकाम करणाऱ्यांनी टाळायच्या चुका

आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी मला फोटो पाठवतं. लेथवर छान कातलेला लाकडी वाडगा असतो, नाहीतर समईसाठी केलेली बैठक, आणि त्यावर ढगाळ, पांढुरकं नाहीतर चिकट पॉलिश. सोबत एकच प्रश्न: "आता यावर काय लावू?" माझं उत्तर बहुतेक वेळा "काहीच लावू नका, थांबा" असंच असतं, आणि ते कुणालाही आवडत नाही. लेथवर दोन दिवस घाम गाळणारा माणूस पॉलिशला दोन तास द्यायला तयार नसतो, हे मला खरंच समजत नाही. वस्तू बिघडते ती याच दोन तासांत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हाताला कोरडं लागलं की सुकलं असं धरून चालणं.

पॉलिश तीन तऱ्हांनी सुकतं. चपडा लाखेचं स्पिरिट पॉलिश आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर यांच्यातलं स्पिरिट किंवा थिनर उडून गेलं की मागे थर उरतो. जवसाचं तेल आणि व्हार्निश हवेतला ऑक्सिजन घेतात आणि हळूहळू घट्ट होतात, त्याला दिवस लागतात. दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेन) हार्डनरशी क्रिया होऊन पक्कं होतं. तिन्हींची घाई वेगवेगळ्या ठिकाणी नडते. पण व्हार्निशच्या बाबतीत ती जितकी नडते तितकी कुठेच नाही, आणि हे मी एका चौरंगावर शिकलो.

शेजारच्या काकूंना गणपतीसाठी सागवानी चौरंग हवा होता. "गणपती दीड दिवसाचा असला तरी चौरंग जन्मभराचा कर," असं त्या म्हणाल्या होत्या. चारही पाय मी मन लावून कातले. लाकूडकाम संपलं तेव्हा गणपतीला पाच दिवस उरले होते आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. डब्यावर लिहिलं होतं, दोन हातांमध्ये आठ तास. मी दोन दिवसांत तीन हात मारले, रात्रभर पंखा लावून ठेवला आणि हरतालिकेच्या सकाळी चौरंग पोचवला. हात फिरवला तर गुळगुळीत, कोरडा. काकूंनी त्यावर लाल वस्त्र अंथरलं, वर शाडूची मूर्ती बसली. विसर्जनाच्या दिवशी काकांनी मूर्ती उचलली आणि वस्त्र ओढलं, तर ते येईना. जोर लावल्यावर सुटलं, पण पाटावर कापडाची वीण उमटलेली आणि लाल धागे जागोजागी अडकलेले.

काकू मला एक शब्द बोलल्या नाहीत. मी तो चौरंग खरवडला, धुतला, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात पुन्हा केला, दसऱ्यानंतर परत दिला. पुढच्या वर्षी दर्शनाला गेलो तर वस्त्राखाली त्यांनी आधी वर्तमानपत्र अंथरलं होतं. ते मला अजून लागतं.

तिथे तीन गोष्टी एकत्र नडल्या होत्या. सागाला स्वतःचं तेल असतं, ते व्हार्निशला नीट धरू देत नाही आणि सुकायलाही वेळ लावतं. दुसरं म्हणजे खालचा थर ओला असताना वरचा चढवला की खालच्यातलं थिनर कोंडलं जातं. वरची साय कोरडी आणि आत मऊ, असं ते दूध तापवून ठेवल्यासारखं होतं. आणि डब्यावरचे आठ तास हे कोरड्या हवेचे असतात. भाद्रपदातल्या ओल्या खोलीचे नसतात.

आता माझी सवय अशी आहे. साग असेल तर पॉलिशच्या अगदी आधी फडक्याला थिनर घेऊन पृष्ठभाग पुसतो, फडकं पिवळट व्हायचं थांबेपर्यंत, आणि लगेच पहिला हात देतो. पुसून दुसऱ्या दिवसावर ठेवलं तर तेल पुन्हा वर येतं. शिसव असेल तर व्हार्निश थेट लावतच नाही, कारण शिसवीत असे घटक असतात की त्यांच्यामुळे तेलाचं व्हार्निश आठवडेच्या आठवडे ओलं राहू शकतं. आधी मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात, तो सुकला की मग व्हार्निश. दोन हातांच्या मध्ये घड्याळ बघत नाही, नाक लावतो. लाकडाजवळ नाक नेऊन थिनरचा वास आला तर थांबायचं. मग खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी 320 नंबरचा सँडपेपर घासून बघायचा. कोरडी पांढरी पूड पडली तर पुढे जा. कागदाला गोळे चिकटले तर आज घरी जा. आणि गणपतीचं काम मी वटपौर्णिमेनंतर घेत नाही, कितीही ओळखीचं असलं तरी.

ज्यांचं आधीच चिकट झालंय त्यांनी वर आणखी एक हात देऊन ते "बंद" करू नये. बंद होत नाही, कोंडतं. हवेशीर जागी दोन आठवडे ठेवा. तरीही नखाने खूण पडत असेल तर खरवडून काढण्याला पर्याय नाही. कुणी सांगितलं की हीटर लावा, तर ऐकू नका. थिनर आणि स्पिरिटची वाफ पेट घेते.

पांढुरकं पडणं हा वेगळा आजार आहे, तो चिकटपणाशी जोडू नका. स्पिरिट किंवा लॅकर थिनर झपाट्याने उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो आणि पावसाळी हवेतलं बाष्प त्यावर बसतं. ते थरात अडकतं, म्हणून धुकं दिसतं. लॅकरसाठी दुकानात रिटार्डर मिळतो, त्याने थिनर सावकाश उडतं. चपड्यावर पांढरं आलं असेल तर कोरड्या दिवशी स्पिरिटने जेमतेम ओलं केलेलं फडकं हलक्या हाताने एकदा फिरवा, बहुतेक वेळा निघून जातं. मी स्वतः पावसाळ्यात सकाळी अकराच्या आधी आणि संध्याकाळी चारच्या नंतर पॉलिशला हात लावत नाही.

चपड्याबद्दल एवढंच: विरघळवल्यावर बाटलीवर तारीख लिहा. एक लिटर स्पिरिटला 120 ग्रॅम चपडा म्हणजे पातळ, 240 म्हणजे चांगलाच दाट. नवशिके दाट घेतात, म्हणजे दोन हातांत काम संपेल; मग ब्रशच्या रेघा काढत बसतात. पातळ घ्या, सहा हात द्या. आणि विरघळवलेला चपडा कालांतराने बिघडतो, दिसायला तसाच राहतो पण सुकल्यावर कडक होत नाही. सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तर काचेवर थेंब टाकून दुसऱ्या दिवशी नख लावून बघा. रुतलं तर फेका. पळस, बोर, कुसुमाच्या झाडांवर किड्यांनी तयार केलेली ही लाख, तिला इतकी किंमत तरी द्यायला हवी की शिळी कुणाच्या गळ्यात मारू नये.

आता दुसरी गोष्ट. ही चूक काम बिघडवत नाही, घर जाळते, म्हणून ती मी प्रत्येकाला सांगतो. जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका.

वैशाखातली दुपार होती. बाहेर ठेवायच्या एका बाकाला मी डबल बॉइल्ड जवस तेल चोळलं, पाच-सहा फडकी लागली. ती प्लास्टिकच्या बादलीत कोंबली. बादलीत आधीच लेथवरचा भुसा होता. जेवायला गेलो. ताटावरून उठलो तेव्हा करपलेल्या फोडणीसारखा वास आला. स्वयंपाकघरात गॅस बंद होता. कारखान्यात आलो तर बादलीतून धूर. पाणी ओतलं, फडकी काठीने उपसली. वरची दोन साधीच होती, मधलं कोळशासारखं काळं, आणि बादलीची एक बाजू मऊ होऊन वाकली होती. जेवायला अर्धा तास जास्त लागला असता तर मागची फळ्यांची थप्पी पेटली असती. तिथे ना ठिणगी होती, ना विडी, ना वायर.

तेल हवेतला ऑक्सिजन घेतं तेव्हा उष्णता बाहेर पडते. लाकडावर पातळ थर असतो, ती उष्णता निघून जाते. चुरगाळलेल्या फडक्यात ती आतच साठते, उष्णतेने क्रिया आणखी वेगाने होते, आणि शेवटी कापड पेटतं. म्हणून माझ्याकडे अंगणात एक तार आहे. तेलाची फडकी तिथे एकेरी पसरून वाळत घालायची, पापडासारखी कडक झाली की मगच कचऱ्यात. उशीर झाला असेल, पाऊस असेल, तर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवायची. कुणी म्हणतं, "इतकी वर्षं टाकतोय, काही झालं नाही." मलाही त्या दुपारपर्यंत काही झालं नव्हतं.

लेथवर पॉलिश करताना कापड बोटाला गुंडाळू नका. कागदी नॅपकिन वापरा. कागद अडकला तर फाटतो, कापड अडकलं तर बोट घेऊन जातं. यावर मी वाद घालत नाही.

स्वयंपाकघरातल्या वस्तूंबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. काठवट, लाटणं, रवी, सॅलडचा वाडगा. कोकणातले लोक हमखास खोबरेल लावतात. खोबरेल सुकत नाही, ते लाकडात तेल म्हणूनच राहतं. शेंगदाण्याचं तेल तर काही दिवसांनी खवट वास मारतं. डबल बॉइल्ड जवस तेलात ते लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, ते मी अन्नाच्या वस्तूला लावत नाही. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, पोट साफ व्हायला देतात तेच. चार भाग ते आणि एक भाग मधमाशांचं मेण, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं. मेण 65 अंशांच्या आतच वितळतं, थेट गॅसवर कशाला ठेवायचं? हे मिश्रण चोळा, रात्रभर मुरू द्या, सकाळी कोरड्या फडक्याने पुसा. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा. चकाकी येणार नाही. काठवटीला चकाकी कशाला हवी? तिच्यात भाकरीचं पीठ मळायचं असतं. आणि लाटण्याला काहीही लावू नका. व्हार्निश मारलेलं लाटणं मी एकदा पाहिलं, सहा महिन्यांत त्याचे पोपडे कणकेत येत होते.

लेथवर दोन मिनिटांत आरशासारखी चमक आणणारं पॉलिश सगळ्यांना हवं असतं. पेनासाठी, भोवऱ्यासाठी ठीक आहे. वाडग्यावर ती चमक पहिल्या ओल्या हाताला जाते. फिरत्या लाकडावरची टिकाऊ चमक बघायची असेल तर कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी हातात घेऊन बघा. काळ्या कुड्याचं लाकूड लेथवर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते, मग केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानाने घासून झळाळी आणतात. तिथेही घाई नाही. कांडी कमी दाबली तर लाख वितळत नाही, जास्त दाबली तर जळते, आणि हे हाताला कळायला वर्षं जातात.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. कागदाचा नंबर गाळू नका. 120 वरून थेट 320 वर उडी मारली तर 120 चे ओरखडे पॉलिशखाली जन्मभर दिसतात. प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवून लाकडाच्या रेषेत हाताने घासा, नाहीतर गोल कडी राहतात. शेवटी स्पिरिटचं फडकं फिरवून बॅटरीचा उजेड आडवा टाका, जे ओरखडे लपलेत ते तेव्हाच दिसतील. फेविकॉल सांडलं तर ओलं असतानाच पुसा, तिथे पॉलिश शिरत नाही आणि फिकट डाग उरतो. व्हार्निशचा डबा हलवू नका, काठीने सावकाश ढवळा. बुडबुडे तुम्हीच आत घालता. पाण्यातल्या पॉलिशच्या आधी स्टील वूल वापरू नका. त्याचे कण गंजतात, आणि साग-बाभळीवर काळे ठिपके येतात. मेण सगळ्यात शेवटी. मेणावर कुठलंच पॉलिश धरत नाही. फळीला एकाच बाजूला पॉलिश करून दुसरी कोरी ठेवली तर पहिल्याच पावसाळ्यात ती वाकते. पीयू फवारताना साधा कापडी मास्क पुरत नाही, हार्डनरची वाफ फुफ्फुसांना कायमचं नुकसान करू शकते. रासायनिक वाफेसाठी असलेला काडतूसवाला मास्क नसेल तर पीयू फवारूच नका.

आणि नमुना. त्याच लाकडाचा, त्याच फळीतून निघालेला तुकडा, तोच कागद, तेच पॉलिश. माझ्या भिंतीवर असे चाळीसेक तुकडे खिळ्याला टांगलेत, प्रत्येकाच्या मागे तारीख, हवा आणि किती हात दिले ते पेन्सिलीने लिहिलेलं. शिकायला येणारी मुलं विचारतात, हे सगळं आम्हाला कधी लागणार? मी त्यांना त्यातला एक शिसवीचा तुकडा काढून देतो. व्हार्निश थेट लावलेला, मागे जुलै लिहिलेलं. म्हणतो, अंगठा दाबून बघ.