बर्निनीची तेरेसा पाहताना चेहरा शेवटी पाहावा

रोममधील सांता मारिया देला व्हित्तोरिया या चर्चमध्ये शिल्पकार जानलोरेन्झो बर्निनीने १६४७ ते १६५२ या काळात घडवलेले ‘संत तेरेसाचा परमानंद’ हे शिल्प आहे: सोळाव्या शतकातील स्पॅनिश जोगीण तेरेसा आणि तिच्यासमोर भाला घेतलेला देवदूत. येणारे बहुतेक जण थेट तिच्या चेहऱ्यासमोर जाऊन फोटो काढतात आणि निघून जातात. बरोक कलेत, म्हणजे सतराव्या शतकातील नाट्यमय शैलीत, भावना शरीरातून कशी बोलते हे पाहायचे असेल, तर हा क्रम उलटा करावा.

प्रथम मुख्य वेदीच्या डाव्या बाजूच्या कोर्नारो चॅपेलपासून (चर्चमधील छोटे प्रार्थनादालन; शिल्प त्यातच आहे) थोडे मागे उभे राहावे. बाजूच्या भिंतींवर नाट्यगृहातल्या सज्जांसारख्या कोनाड्यांत कोर्नारो घराण्यातील आठ पुरुष कोरलेले आहेत; त्यांत हे चॅपेल करवून घेणारे कार्डिनल फेदेरिकोही आहेत. कुणी वाचतो आहे, कुणी शेजाऱ्याशी बोलण्यात गुंतला आहे. नंतर वर पाहावे. शिल्पावर पडणारा उजेड ज्या खिडकीतून येतो ती आपल्याला दिसत नाही. दिसतात त्या फक्त सोनेरी मुलामा दिलेल्या ब्राँझच्या शलाका.

आता वस्त्राकडे यावे, आणि येथे घाई करू नये. तेरेसाचा जाडाभरडा झगा तिचे शरीर जवळजवळ पूर्ण झाकतो, त्यामुळे जे शरीराने दाखवायचे ते सारे घड्यांवर येऊन पडले आहे: त्या उसळतात, एकमेकींत गुरफटतात आणि त्यांच्या खालून एक अनवाणी पाऊल निर्जीवपणे लोंबते. (तिने सुरू केलेला सुधारित कार्मेलाइट संन्यासी पंथ ‘अनवाणी’ म्हणूनच ओळखला जातो, आणि हे चर्च त्याच पंथाचे.) देवदूताचे वस्त्र मात्र पातळ, ज्वाळेसारखे वळवळणारे. तिचा झगा तो केवळ बोटांच्या टोकांनी उचलतो. खालचा ढग मुद्दाम खडबडीत ठेवला आहे, म्हणून त्वचेची झिलई अधिकच मऊ भासते.

याच्या जोडीला तेरेसाचे स्वतःचे वर्णन आठवावे. आत्मचरित्रात ती सांगते की, देवदूताने टोकाशी जाळ असलेला सोन्याचा भाला तिच्या हृदयात खुपसला; वेदनेने ती कण्हली, तरी त्यातला गोडवा असा होता की ती वेदना सरू नये असेच तिला वाटले. ही वेदना आत्म्याची, असे म्हणून ती लगेच पुस्ती जोडते की, शरीराचाही तिच्यात वाटा असतो, आणि तो बराच मोठा असतो. माझ्या मते बर्निनीने नेमका तो वाटाच कोरला आहे.

मग चेहरा पाहावा: अर्धवट मिटलेल्या पापण्या, विलग झालेले ओठ. पुढच्या काळातील प्रवाशांनी या चेहऱ्याची चावट थट्टा केली. पण पाऊल आणि घड्या पाहून आलेल्याला ती थट्टा अपुरी वाटते.

त्याच दिवशी वेळ उरला, तर त्रास्तेवेरे भागातील सान फ्रांचेस्को आ रिपा चर्चमध्ये जावे. तेथील लुदोविका आल्बेर्तोनी या धर्मपरायण रोमन स्त्रीची मरणोन्मुख मूर्ती बर्निनीने सत्तरी ओलांडल्यावर घडवली. तिच्याजवळ देवदूत नाही, भाला नाही. छातीवर दाबलेला हात आणि विस्कटलेले वस्त्र एवढेच आहे.