गोळा किती दूर पडेल? प्रक्षेप्य गतीचे गणित सोडवण्याची रीत

फेकलेली वस्तू एकाच वेळी दोन गतींनी जात असते. क्षितिजसमांतर दिशेत तिचा वेग कायम राहतो, तर ऊर्ध्व दिशेतील वेग गुरुत्वामुळे दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका बदलतो. या दोन्ही गतींचा विचार स्वतंत्रपणे करता येतो, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले.

गोळाफेकीचे उदाहरण घेऊ. गोळा जमिनीपासून २ मीटर उंचीवर, १३ मीटर प्रतिसेकंद वेगाने आणि ४०° कोनात हातातून सुटला, तर तो किती अंतरावर पडेल? हवेचा विरोध येथे सोडून देता येतो. गोळा पुरुषांचा ७.२६ किलोचा असो वा महिलांचा ४ किलोचा, वस्तुमान या गणितात कोठेच येत नाही.

प्रथम आकृती काढून आरंभबिंदू हातापाशी धरावा आणि वरची दिशा धन मानावी. ही निवड एकदा केली की शेवटपर्यंत बदलू नये, कारण चिन्हांच्या बहुतेक चुका येथूनच सुरू होतात.

मग वेगाचे घटक काढावेत. क्षितिजसमांतर घटक १३ × कोसाइन ४०° = ९.९६ आणि ऊर्ध्व घटक १३ × साइन ४०° = ८.३६ मीटर प्रतिसेकंद येतो. (कोसाइन ऋण आले, तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे असे समजावे.)

आता वेळ काढायची, आणि खरे गणित हेच आहे. पडताना गोळा आरंभबिंदूच्या २ मीटर खाली असतो, म्हणून ऊर्ध्व विस्थापन −२ घ्यावे. वेळेला क्ष म्हटले, तर (४.९ म्हणजे ९.८ चे निम्मे)

−२ = ८.३६ क्ष − ४.९ क्ष²

या वर्गसमीकरणाची दोन उत्तरे येतात. त्यांपैकी ऋण उत्तर गोळा सुटण्यापूर्वीच्या क्षणाचे असल्याने ते सोडून द्यावे, उरते १.९२ सेकंद. दोन्ही दिशांना समान असलेली राशी ही एवढीच, त्यामुळे ती हाती आली की पुढे फक्त गुणाकार उरतो: ९.९६ × १.९२, म्हणजे सुमारे १९.१ मीटर.

कमाल उंची विचारली असेल, तर शिखरावर ऊर्ध्व वेग शून्य धरावा. तेथे संपूर्ण वेग शून्य होत नाही, ९.९६ चा घटक तसाच राहतो आणि त्वरणही ९.८ च असते. ८.३६ च्या वर्गाला १९.६ ने भागल्यास हातापासून सुमारे ३.५७ मीटर, म्हणजे जमिनीपासून सुमारे ५.५७ मीटर उंची मिळते.

पल्ल्याचे तयार सूत्र पाठ असलेले विद्यार्थी वेगाचा वर्ग × साइन ८०° (कोनाची दुप्पट) ÷ ९.८ करून १७ मीटर उत्तर लिहितात. ते सूत्र फेक आणि पतन एकाच पातळीवर असतील तेव्हाचे आहे, येथे ते दोन मीटरहून अधिक कमी पडते. ४५° कोनात पल्ला सर्वाधिक असतो, हे विधानही त्याच अटीवर खरे आहे. या गोळ्याला ४५° ने फेकले, तर तो १९.०५ मीटरवर, म्हणजे ४०° पेक्षा थोडा अलीकडेच पडतो.